ध्रुवावरच्या काळोखात ओझोन कसा मोजतात?



आमचे सारे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी शाळेत इतकी वर्षे शिकवूनही अधूनमधून जुनी भाषा जिभेवर येतेच. नववीच्या वर्गात एकदा आम्ही फळ्यावर लिहून गेलो, 'ओझोन परत'. हिंदीत परत म्हणजे थर. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, ओझोन परत आला? गेला कुठे होता?" वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि फळ्यावर 'ओझोनचा थर' असे दुरुस्त केले. परंतु तो प्रश्न काही खोटा नव्हता. ओझोन खरोखरच जातो, दरवर्षी जातो आणि काही महिन्यांनी बराचसा परतही येतो. किती गेला हे मोजणे मात्र वाटते तितके सोपे नाही, कारण त्याच्या जाण्याची सारी तयारी ध्रुवावरच्या काळोखात होते. पस्तीस मिनिटांच्या तासात हे सांगून होईना, म्हणून येथे लिहीत आहोत.

दरवर्षी १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो. १९८७ साली याच तारखेला माँट्रियल करारावर सह्या झाल्या. आपल्याकडे हा दिवस बहुधा चतुर्थीच्या सुट्टीच्या आगेमागे येतो आणि शाळेत साजरा करायचा राहून जातो. वास्तविक गोव्याच्या मुलांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्याच मुरगाव बंदरातून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम हे तिचे प्रमुख होते आणि ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीय पथकाने त्या बर्फाळ खंडावर पाय ठेवला. त्या मोहिमांचा कारभार पाहणारे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ पासून वास्कोला हेडलँड सडा येथे आहे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र असे त्याचे आजचे नाव. म्हणजे आपल्या गावाहून दोनेक तासांच्या बसप्रवासावर अंटार्क्टिकाची कचेरी आहे. तिकडच्या 'मैत्री' या भारतीय तळावर आपल्या हवामान खात्याची माणसे राहतात, आकाशात फुगे सोडतात आणि ओझोन मोजतात.

आधी ओझोन किती असतो ते पाहू. आपल्या डोक्यावरच्या आकाशातला सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला, शून्य अंश तापमानात नेहमीच्या दाबाखाली पसरला, तर त्याचा थर जेमतेम ३ मिलिमीटर होईल. दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा. या थराच्या १ मिलिमीटरला १०० डॉबसन एकक म्हणतात. जगाची सरासरी ३०० एककांच्या आसपास असते. आपल्या उष्ण पट्ट्यात त्याहून थोडी कमी, साधारण २५० ते २८०. अंटार्क्टिकावर हा आकडा २२० च्या खाली गेला की त्या भागाला 'ओझोनचे छिद्र' म्हणायचे असे शास्त्रज्ञांनी ठरवले आहे. छिद्र म्हणजे भोक नव्हे, तर थर अतिशय पातळ झालेला प्रदेश. सप्टेंबर २००० मध्ये तो जवळजवळ ३ कोटी चौरस किलोमीटरपर्यंत पसरला होता. आपल्या देशाच्या नऊ पट.

हे छिद्र ध्रुवावरच का? फ्रीज आणि वातानुकूलन यंत्रांतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू तर मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या शहरांतून वर गेले. ते साऱ्या पृथ्वीवर पसरतात. खूप उंचीवर अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांच्यातला क्लोरीन सुटा होतो. पण तो फार वेळ मोकळा राहत नाही. हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या संयुगांत अडकून बसतो आणि त्या रूपात ओझोनला काही करत नाही. ध्रुवावरचा हिवाळा हे कुलूप उघडतो. तेथे सूर्य मावळला की स्थितांबरातली हवा थंड होत जाते. ध्रुवाभोवती जोरदार वाऱ्यांचा एक प्रचंड भोवरा तयार होतो आणि आतली हवा बाहेरच्या उबदार हवेपासून तुटते. तापमान उणे ७८ अंशांच्या खाली गेले की एरवी ढग नसतात अशा उंचीवर, १५ ते २५ किलोमीटरच्या दरम्यान, शिंपल्याच्या आतल्या भागासारखे चमकणारे ढग बनतात. या ढगांच्या कणांवर त्या दोन संयुगांची क्रिया होऊन क्लोरीन बाहेर पडतो आणि सूर्याची वाट पाहत थांबतो.

आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री मुले नरकासुर करतात. रात्रभर कागद, पेंढा, फटाके भरत राहायचे आणि पहाटे वात लावायची. ध्रुवावर तसेच घडते. भरण्याचे काम काळोखात, वात लावतो उगवता सूर्य. प्रकाश मिळताच क्लोरीनचे अणू सुटे होतात आणि एकेक अणू हजारो ओझोन रेणूंचा फडशा पाडतो. अंटार्क्टिकावर कडेच्या भागात जुलैपासूनच थोडा थोडा प्रकाश पोहोचतो, ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये नाश वेगाने होतो आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस आकडा तळाला जातो.

आता मापनाकडे वळू. जमिनीवरचे डॉबसनचे उपकरण सूर्याच्या अतिनील किरणांकडे पाहते. ओझोन जास्त असेल तर ठरावीक किरण कमी पोहोचतात, त्यावरून हिशेब करायचा. उपग्रहावरची पहिली मोठी उपकरणेही याच तत्त्वावर होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये अमेरिकेने सोडलेला निंबस-७ हा उपग्रह पृथ्वीवरून परत उसळलेला अतिनील प्रकाश मोजत असे. साऱ्या जगाचा ओझोन नकाशा रोज मिळू लागला. तरीही छिद्राची बातमी पहिल्यांदा उपग्रहाकडून आली नाही. ती आली हॅली बे येथील ब्रिटिश तळावरच्या जुन्या डॉबसन उपकरणाकडून. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये 'नेचर' नियतकालिकात दाखवले की ऑक्टोबर महिन्यातला ओझोन पूर्वी ३०० एककांच्या आसपास असे, तो १९८४ पर्यंत २०० च्या आसपास उतरला आहे.

मग उपग्रह काय करत होता? 'संगणकाने ते आकडे फेकून दिले' अशी गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. आम्हीही काही वर्षे वर्गात तशीच सांगितली. ती अर्धीच खरी आहे. १८० एककांहून कमी आकडा आला की त्यावर 'शंकास्पद' अशी खूण करावी, असे संगणकाला शिकवलेले होते, कारण तोवर इतका कमी ओझोन कोणी पाहिलाच नव्हता. १९८४ मध्ये अशा खुणांचा ढीग अंटार्क्टिकावर पडलेला शास्त्रज्ञांच्या लक्षात आला. त्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील उपकरणाशी ताडून पाहिले, तर तेथे सुमारे ३००! त्यामुळे ते घुटमळले. पुढे उलगडा झाला की चूक जमिनीवरच्या त्या आकड्यात होती, उपग्रह बरोबर होता. या कामात पवन भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते, पवन भारतीया हे त्यांचे नाव. त्यांच्या गटाने डिसेंबर १९८४ मध्येच निबंधाचा गोषवारा पाठवला होता आणि ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग येथील परिषदेत तो मांडला. तोवर फार्मन यांचा लेख छापून आला होता.

हे वाचताना आम्हाला स्वतःची एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद मुले आळीपाळीने ठेवत. एका मुलाने एका सकाळी लिहिलेला आकडा आदल्या दिवसांच्या तिप्पट होता. आम्ही त्यावर तांबड्या शाईने काट मारली आणि त्याला नीट वाचायला सांगितले. तो काही बोलला नाही. दुपारी वाळवंटीचे पाणी वर चढल्याची बातमी आली तेव्हा त्याला बोलावून विचारले. नळी भरून वाहू लागली होती, म्हणून त्याने पाणी दोनदा मोजले होते. ती काट वहीत अजून आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. सूर्यप्रकाशावर चालणारी सारी उपकरणे, जमिनीवरची असोत की उपग्रहावरची, ध्रुवीय रात्रीत आंधळी होतात. 'मैत्री'वर सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. ध्रुवाच्या जवळ ही रात्र आणखी लांबते. फुग्याला बांधून सोडायचे ओझोनमापक अंधारातही चालते. त्यातल्या रसायनातून हवा खेचली जाते आणि ओझोनच्या प्रमाणात वीज वाहते. असे भारतीय बनावटीचे उपकरण हवामान खात्यातील अण्णा मणी यांच्या गटाने १९६० च्या दशकात विकसित केले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. परंतु फुगा एका ठिकाणचे, एका दिवसाचे सांगतो. साऱ्या खंडावर रोज फुगे कोण सोडणार?

विठ्ठलापूरच्या देवळात भजन चालू आहे आणि लाइट गेली असे समजा. दिसत काहीच नाही. तरी पखवाज कुठला, पेटी कुठली, टाळ कुठले, हे आपण अचूक सांगतो, कारण प्रत्येकाचा आवाज वेगळा. वायूंचेही तसेच आहे. कोणताही वायू पूर्ण गोठलेल्या शांततेत नसतो. त्याचे रेणू फिरत असतात आणि आपापल्या ठरावीक कंपनसंख्येच्या सूक्ष्मलहरी बाहेर टाकत असतात. त्यासाठी सूर्य लागत नाही. हे 'ऐकणारे' उपकरण १२ सप्टेंबर १९९१ रोजी सोडलेल्या यू.ए.आर.एस. या उपग्रहावर बसवले होते आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १५ जुलै २००४ रोजी गेलेल्या 'ऑरा' उपग्रहावर. ऑरावरचे उपकरण ओझोनसाठी सेकंदाला सुमारे २४० अब्ज कंपनांच्या पट्ट्यात कान लावते. क्लोरीन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रस ऑक्साइड यांच्यासाठी वेगळे पट्टे. दिवस असो, रात्र असो, ते ढग आडवे येवोत, त्याला फरक पडत नाही.

हे उपकरण खाली पाहत नाही, पृथ्वीच्या कडेकडे आडवे पाहते. बेबिंक वरून पाहिले तर एकच पापुद्रा दिसतो, बाजूने पाहिले तर सगळे मोजता येतात, तसेच हे. कडेवरून नजर वरखाली फिरवली की कोणत्या उंचीवर कोणता वायू किती ते कळते. दिवसाला अशी साधारण ३५०० ठिकाणची नोंद, ८२ अंश उत्तरेपासून ८२ अंश दक्षिणेपर्यंत. ध्रुवाभोवतीचे शेवटचे वर्तुळ तेवढे सुटते.

एवढे झाल्यावर वाटेल की काम संपले. जूनमध्ये ओझोन किती, सप्टेंबरमध्ये किती, वजाबाकी केली की झाले. येथेच खरी मेख आहे आणि दहावीच्या मुलांनी हा भाग दोनदा वाचावा.

एका घरात भाताची कणगी आहे. तीत १० गोण्या भात आहे. उंदीर रोज खातात. पण घरची बाई अधूनमधून वरून नवे भातही ओतते. दोन महिन्यांनी पाहिले तर कणगीत १० गोण्याच भात. उंदरांनी काहीच खाल्ले नाही म्हणायचे का? कोपऱ्यात ४ रिकाम्या गोण्या पडलेल्या दिसल्या की हिशेब उलगडतो. ४ ओतल्या, तरी पातळी तेवढीच, म्हणजे ४ उंदरांनी फस्त केल्या. ध्रुवीय भोवऱ्यातली हवा हिवाळाभर हळूहळू खाली उतरत असते आणि वरून येणाऱ्या हवेत ओझोन जास्त असतो. वरून भर पडते आहे, आत क्लोरीन खातो आहे. नुसती पातळी पाहणाऱ्याला नाश दिसत नाही.

ही कल्पना नव्हे. यू.ए.आर.एस. उपग्रहाच्या पहिल्या दीड वर्षाच्या नोंदी १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आल्या. दोन्ही ध्रुवांवरच्या भोवऱ्यांत खालच्या स्थितांबरातला क्लोरीन जवळजवळ सगळा मारक रूपात आलेला होता. दक्षिणेकडे तर छिद्र दिसू लागण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे उंदीर कामाला लागले होते आणि वरून पडणाऱ्या भातामुळे ते झाकले जात होते.

मग रिकाम्या गोण्या कशा मोजायच्या? त्यासाठी नायट्रस ऑक्साइड उपयोगी पडतो. हा वायू जमिनीतून, खतांतून निघतो आणि खालच्या हवेत शंभराहून अधिक वर्षे टिकतो. खूप उंचीवर मात्र तो अतिनील किरणांनी फुटतो. त्यामुळे जसजसे वर जावे तसतसा तो कमी. ध्रुवावरच्या हिवाळ्यात क्लोरीन त्याला हात लावत नाही. म्हणून १८ किलोमीटरवर त्याचे प्रमाण घटलेले दिसले, तर वरची हवा खाली आली आहे असा अर्थ, आणि किती घटले यावरून किती वरची ते समजते. शास्त्रज्ञ हिवाळ्याच्या आरंभी, नाश सुरू होण्यापूर्वी, आडव्या अक्षावर नायट्रस ऑक्साइड आणि उभ्या अक्षावर ओझोन घेऊन एक आलेख काढतात. इतका नायट्रस ऑक्साइड असलेल्या हवेत इतका ओझोन, अशी ती जोडी ठरून जाते. पुढे ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये त्याच नायट्रस ऑक्साइडच्या हवेत ओझोन किती ते पाहायचे. आलेख जेवढा खाली घसरला तेवढा रासायनिक नाश. दुसरी पद्धतही आहे. क्लोरीनची क्रिया वगळून नुसत्या वाऱ्यांचा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा आणि उपग्रहाचा आकडा त्यातून वजा करायचा. दोन्ही रीतींची उत्तरे जवळपास आली की भरवसा वाढतो.

उत्तर ध्रुवावर या हिशेबाशिवाय पाऊलच टाकता येत नाही. तिकडचा भोवरा कमजोर असतो, हवा जास्त मिसळते, हिवाळे दरवर्षी वेगळे. २०११ च्या वसंतात तेथे १८ ते २० किलोमीटर उंचीवर ८० टक्क्यांहून अधिक ओझोन नष्ट झाला. उत्तरेतला नाश प्रथमच दक्षिणेच्या तोडीचा ठरला. २०२० मध्ये पुन्हा तशीच वेळ आली.

दक्षिणेकडची अडचण निराळी. तेथे १३ ते २१ किलोमीटरच्या दरम्यान काही थरांत ओझोन अक्षरशः संपतो. कणगी रिकामीच झाली तर उंदीर दहा होते की शंभर हे कसे कळणार? क्लोरीन थोडा कमी झाला तरी उत्तर शून्यच. म्हणून सुधारणेची पहिली खूण कोणती, तर कणगी पूर्ण रिकामी होण्याचे प्रसंग कमी होणे. खरगपूरच्या आय.आय.टी.तील जे. कुट्टिपुरत आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये फुग्यांच्या आणि उपग्रहाच्या नोंदी पडताळून दाखवले की २००१ ते २०१७ या काळात असे प्रसंग खरोखर कमी झाले. त्या लेखाच्या लेखकांत प्रेमचंद पांडे यांचेही नाव आहे. वास्कोच्या केंद्राचे ते पहिले संचालक.

भारत माँट्रियल करारात १९९२ साली सामील झाला. क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन जगभर २०१० पर्यंत बंद करण्याचे ठरले होते, आपण ते २००८ मध्येच बंद केले. तरी हे वायू हवेत अनेक दशके टिकतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला साधारण २०६६ साल उजाडेल, उत्तर ध्रुवावर २०४५. आज पाचवीत असलेली मुले तेव्हा आमच्या वयाची असतील. तोवर कोणीतरी अंधारात मोजत राहायला हवे. ऑराची रचना पाच-सहा वर्षांच्या कामासाठी होती, त्याने २०२४ मध्ये वीस पूर्ण केली, इंधनही संपत आले. त्याच्या जागी रात्रीही रोज ऐकणारे तसेच उपकरण वेळेवर न गेल्याने जगभरचे शास्त्रज्ञ चिंतेत आहेत. मोजणीत खंड पडला तर मधल्या हिवाळ्यांचे आकडे पुन्हा कधीच मिळणार नाहीत.

यंदा आठवी-नववीच्या मुलांसाठी एक काम ठेवले आहे. अंटार्क्टिकावरचा त्या दिवसाचा सर्वांत कमी ओझोन किती, हा आकडा नासा संस्था जाहीर करते. १ ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत तो रोज वहीत उतरवायचा आणि महिनाअखेरीस आलेख काढायचा. चतुर्थीच्या सुट्टीत ज्यांच्या घरी इंटरनेट आहे त्यांनी दोन-दोन दिवस वाटून घ्यावेत. आकडा विचित्र वाटला तर शेजारी प्रश्नचिन्ह करावे, खोडू नये. वास्कोचे केंद्र मुलांना दाखवावे म्हणून आम्ही पत्र लिहिणार आहोत. परवानगी मिळाल्यास एका बसची व्यवस्था करावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे. वही कार्यालयात ठेवली आहे, पर्जन्यमापकाच्या वहीशेजारी.